बेस वाजवतोस म्हणजे नक्की काय करतोस? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लग्नात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या गणपतीत, गेली पंचवीसेक वर्षं मला तेच तेच प्रश्न येतात आणि मी दरवेळी वेगळी उत्तरं देतो, कधी कंटाळून अर्धवट तर कधी नको तितकं खोलात जाऊन, मग समोरचा माणूस हळूच आईस्क्रीमच्या काउंटरकडे सरकतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी काही प्रोफेशनल नाही. दिवसा इन्शुरन्सचे क्लेम बघतो, शनिवारी संध्याकाळी चार मित्रांबरोबर वाजवतो, महिन्या-दोन महिन्यात एखादा कार्यक्रम झाला तर झाला. तेवढं डोक्यात ठेवून वाचा.

प्रश्न: ही गिटारच ना? मग चारच तारा कशा? दोन तुटल्या का?

नाही हो, तुटल्या नाहीत. बेसला चारच असतात (पाच-सहावालेही असतात, त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी, डोकं शांत असताना). ई, ए, डी, जी. गिटारच्या जाड चार तारा ज्या सुरात लावतात तेच सूर, फक्त एक सप्तक खाली. म्हणजे आपल्या भाषेत खर्ज. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला 41 वेळा हलते, तिच्या पुढची 55 वेळा. नीट बघितलं तर हलताना दिसते पण, जेवणाच्या ताटाला धक्का लागल्यावर आमटी हलते तशी.

याआधी हे काम डबल बेस करायचा, तो उभा माणसाएवढा व्हायोलिनच्या खानदानातला. तो बसमधून न्यायचा म्हणजे शिक्षा, आणि ड्रम्स-ट्रम्पेटच्या गोंगाटात ऐकू पण येईना. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा माणूस रेडिओ दुरुस्ती करता करता गिटारी बनवायला लागला होता, त्याने 1951 मध्ये गळ्यात अडकवायचा इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला. सतारीला असतात तसे पडदे होते त्याला, त्यामुळे बोट बरोबर जागी पडायचं, म्हणून नाव प्रिसिजन. गंमत म्हणजे लिओला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला येते, आणि बघा मी कुठे आहे.

प्रश्न: खरं सांगू का, मला गाण्यात बेस ऐकूच येत नाही.

मोबाइलवर ऐकता ना? मग कसा येणार. त्या नखाएवढ्या स्पीकरला 41 किंवा 55 हर्ट्झ काढताच येत नाहीत. तरी तुम्हाला सूर कळतो, कारण प्रत्येक सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपटचे बारीक सूर पण निघत असतात, ते स्पीकर काढतो आणि खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच्या खिशातून भरतो. म्हणजे तुम्ही जो ऐकताय तो अर्धा बेस तुमचाच आहे.

एकदा बरे हेडफोन लावा, ओळखीचं गाणं घ्या आणि गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. ड्रमचा जो पायाने वाजतो तो मोठा ढोल पकडा, त्याला चिकटून जे काही चाललंय ते आमचं. ढोलकीत चाट आणि धुम असते ना, चाट सगळ्यांना ऐकू येते, पण लावणी ऐकताना खुर्चीतून उठवते ती धुम.

प्रश्न: मग बेस काढून टाकला तर काय बिघडतं?

काही वेळा काहीच नाही. डोअर्सकडे स्टेजवर बेसवाला नव्हता, कीबोर्डवाला रे मँझारेक डाव्या हाताने एका छोट्या पियानो-बेसवर भागवायचा (रेकॉर्डिंगला मात्र गुपचूप बेसवाले बोलवायचे, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो). प्रिन्सने 1984 मध्ये एका नंबर एक गाण्यातून बेस शेवटच्या क्षणी काढून टाकला, आणि गाणं जास्त भारी झालं. आम्हाला हे पचवणं अवघड जातं, पण आहे.

उलट उदाहरण हवं तर मेटॅलिकाचा 1988 चा अँड जस्टिस फॉर ऑल. आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन 1986 मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून गेला, अवघा चोवीस वर्षांचा. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला आणि त्याच्या पहिल्याच पूर्ण अल्बममध्ये त्याचा बेस इतका खाली दाबला की शोधावा लागतो. गाणी काही वाईट नाहीत, गाणी जबरदस्त आहेत, पण आवाज कसा आहे सांगू, फोडणी आहे वरण नाही. मी कॉलेजात ती कॅसेट ऐकायचो तेव्हा मला वाटायचं आपलाच टेपरेकॉर्डर गेलाय. हेड स्पिरिटने पुसून पुसून झिजवला बिचारा.

प्रश्न: तुला हे वेड लागलं कुठून? सांगलीत कोण वाजवतं बेस?

कोणी नाही, तेच तर. वालचंदच्या हॉस्टेलवर एका मित्राचा मोठा भाऊ राहायचा, त्याच्याकडे कॅसेटी होत्या, त्यातल्या एकीवर एका बाजूला आयर्न मेडनचा 1982 चा नंबर ऑफ द बीस्ट आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नातली सनई. कॉपीची कॉपीची कॉपी. त्या कॉपीत गिटारी पार धुरकट झाल्या होत्या, गाणाऱ्याचे शब्द तर कळायचा प्रश्नच नव्हता, पण स्टीव्ह हॅरिसचा बेस घोड्याच्या टापांसारखा टगडक टगडक स्पष्ट ऐकू यायचा. मला बरेच दिवस वाटत होतं की बँडचं मुख्य वाद्य हेच आहे. (मेडनच्या बाबतीत हे खरंच आहे, बँड त्याचाच, बरीचशी गाणी त्याचीच.) 1 फेब्रुवारी 2008 ला ते बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सच्या मैदानावर वाजवून गेले. मी लांब मागे होतो, गर्दीत चप्पल हरवली, परत येताना अनवाणी. चालतंय.

प्रश्न: तुझा पहिला बेस कोणता?

गावाकडची एक ऑर्केस्ट्रा पार्टी बंद पडली, त्यांचं सामान निघालं त्यात होता. लाल रंग, पण लाल कसला, जिथे मनगट घासतं तिथे पार लाकूड दिसत होतं. नावाची पाटी पडलेली, स्क्रूची दोन भोकं तेवढी शिल्लक. तीस इंची, म्हणजे आखूड मानेचा. नेहमीच्या बेसला नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवरची घोडी) तारेची लांबी 34 इंच असते, ह्याला चार इंच कमी, त्यामुळे तारा जरा सैल आणि आवाज गोल, भोपळ्यासारखा. कोण म्हणतं जपानी, सत्तरच्या दशकातला. कोण म्हणतं कलकत्त्याचा, कारण तिकडे हॉबनर, गिव्हसन अशा नावांच्या गिटारी बनायच्या, नावं हॉफनर आणि गिब्सनच्या शेजारची, म्हणजे लांबून वाचलं तर घरच्यांना अभिमान वाटावा. विकणाऱ्या काकांना विचारलं तर म्हणाले, "वाजतोय ना? मग?"

दुरुस्तीला एका दुकानात दिला तर त्या माणसाने नटच्या खाचा कानस लावून इतक्या खोल केल्या की मोकळी तार पहिल्या पडद्याला घासून खर्र खर्र. तेव्हापासून माझा बेस मीच उघडतो. ते नट मी शेवटी जुन्या टूथब्रशच्या दांड्यातून कापून केलं, दिसतं भयंकर, वाजतं बरं.

प्रश्न: जुनी गिटार नव्यापेक्षा चांगली वाजते म्हणतात, खरंय का? 1965 च्या आधीचे फेंडर एवढे महाग का?

या प्रश्नावर मी मित्र गमावलेत.

आधी हकीकत. 1965 च्या सुरुवातीला लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकन ब्रॉडकास्टिंग कंपनीला विकली, त्याची तब्येत बरी नव्हती, 1 कोटी 30 लाख डॉलर मिळाले. त्यानंतर माल वाढला, काम पातळ झालं अशी ओरड सुरू झाली आणि तेव्हापासून सीबीएसच्या आधीचं म्हणजे सोनं, नंतरचं म्हणजे पितळ, असा हिशोब बसला. यात तथ्य आहे, सत्तरच्या दशकातले काही फेंडर उचलताना पोत्यासारखे लागतात. पण गेडी ली, रश बँडवाला, त्याचा सगळ्यात गाजलेला बेस 1972 चा फेंडरचा जॅझ बेस (ते मॉडेलचं नाव) आहे, म्हणजे हिशोबाने पितळ, आणि तो त्याने मिशिगनमध्ये कॅलमझू गावात गहाणवटीच्या दुकानातून दोनशे डॉलरला उचलला. 1981 चा मूव्हिंग पिक्चर्स ऐका आणि मग मला सन-सनावळ्या सांगा.

दुसरी गोष्ट, सगळ्या जुन्या गिटारी चांगल्या नव्हत्याच, वाईट होत्या त्या कधीच फुटल्या, चुलीत गेल्या, माळ्यावर वाळवीने खाल्ल्या. आज ज्या उरल्यात त्या उरल्या कारण कोणीतरी रोज वाजवल्या आणि टाकून दिल्या नाहीत. आजीच्या पाट्यासारखं आहे, सगळे म्हणतात जुना पाटाच भारी, पण जुना म्हणून भारी नाही, त्यावर चाळीस वर्षं चटणी वाटली गेली आणि मधूनमधून टाकी लावली गेली म्हणून. पलंगाखाली चाळीस वर्षं पडलेला 62 सालचा बेस माझ्या मते नुसता चाळीस वर्षं पडलेला बेस आहे. हातात घेऊन एक संध्याकाळ वाजवल्याशिवाय सनाला काही अर्थ नाही, आणि वाजवल्यावर सनाची गरज उरत नाही.

लाकडाबद्दल. बॉडी कुठल्या लाकडाची यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी नाही भांडत, पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याची बारीक तार, समोर लोखंडी तार हलली की वीज तयार होते, लाकडाचा वाटा त्यात किती ते कान देऊन ऐकलं तरी मला तरी पकडता आलेला नाही. पण बोटाखालच्या पट्टीबद्दल एक सांगतो. जुन्या गिटारींना ब्राझीलचं रोझवुड असायचं. 1960 च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवणं बंद केल्यावर जगाने आपल्याकडचं शिसव धरलं. म्हणजे आजोबांच्या घरातलं कपाट आणि अमेरिकेतल्या कुणाच्या तरी भारी गिटारीची पट्टी, एकाच झाडाच्या जातीची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कपाटाकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

प्रश्न: तारा किती दिवसांनी बदलायच्या?

माझ्यासारखा असाल तर तुटल्यावर. आणि बेसची तार सहजी तुटत नाही.

आळस आहेच, पण याला एक मोठा आधारही आहे. जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत साठच्या दशकात जी गाणी एकामागून एक हिट होत होती त्यातल्या शेकडो गाण्यांत हाच वाजवायचा आणि कव्हरवर नाव नाही. 1971 मध्ये मार्विन गेच्या व्हॉट्स गोइंग ऑनवर पहिल्यांदा वाजवणाऱ्यांची नावं छापली. तोवर जगभर पोरं त्याची नक्कल करत होती आणि तो कोण हे कुणालाच माहीत नाही! त्याचा बेस 1962 चा प्रिसिजन, तारा फ्लॅटवाउंड म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, आणि त्या तो बदलायचाच नाही. तारा पट्टीपासून इतक्या उंच की दुसऱ्याला दाबता येऊ नयेत. आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तर्जनी. एक बोट! आम्ही दोन-तीन बोटांचे व्यायाम करून मरतोय.

तो जे करायचा ते असं, गाणारा सरळ रेषेत चाललाय आणि हा खालून गल्लीबोळातून फिरून बरोबर समेवर पुन्हा त्याच्यासमोर हजर. व्हॉट्स गोइंग ऑन मी किती वेळा ऐकला असेल, अजूनही काही वळणं कशी घेतली ते कळत नाही, बोटं ठेवून बघतो, सूर तेच येतात, चाल येत नाही.

तर तारांचं म्हणाल, नव्या कोऱ्या तारा चकचकीत, पियानोसारख्या वाजतात, रॉकला बऱ्या. महिना-दोन महिन्यांत घाम-मळ बसून आवाज मऊ होतो. मला तो मऊच आवडतो. घाम जास्त येणाऱ्यांनी वाजवून झाल्यावर जुन्या सुती बनियनने तारा पुसाव्यात, एवढं केलं तरी आयुष्य दुप्पट.

प्रश्न: बेसच्या खाली तो भांडी घासायचा स्पंज का खुपसलाय?

हा प्रश्न आईचा, कारण स्पंज तिचाच होता.

ब्रिजपाशी तारांखाली फोमचा तुकडा दाबला की सूर फार लांबत नाही, ठप्प ठप्प वाजतो, मधे जागा राहते. हा काही माझा जुगाड नाही, जुन्या फेंडरमध्ये ब्रिजवरच्या स्टीलच्या झाकणाखाली कंपनीतूनच फोम यायचा. आणि आपल्याकडे तर त्याहून जुनी युक्ती आहे, कीर्तनात पखवाजाच्या डाव्या पुडीला कणकेचा गोळा लावतात की, त्याशिवाय तो घुमतो पण बोलत नाही. आईला हे सांगितलं तेव्हा पटलं. म्हणाली, मग कणीक लाव, स्पंज परत दे.

प्रश्न: पावसाळ्यात माझा बेस खर्र खर्र करतो, भूत आहे का?

मान हलली असणार. लाकूड दमट हवा पितं, फुगतं, मान कधी पुढे कधी मागे वाकते. तारांचा एकत्रित ओढा आधीच प्रचंड, त्याच्या विरुद्ध ताणायला मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तपासायचं असं: डाव्या हाताने पहिला पडदा दाबा, उजव्या हाताने मान जिथे बॉडीला मिळते तिथला दाबा, आणि मधे सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत फट किती ते बघा. एखाद्या व्हिजिटिंग कार्डाएवढी हवी. अजिबात नसेल तर रॉड थोडा सैल करा, आगपेटीची काडी जाईल एवढी असेल तर आवळा. एका वेळी पाव फेरा, बस्स, मग चहा प्या, मान सेट होऊ द्या, पुन्हा बघा. घट्ट लागतंय तरी जोर लावून फिरवलं आणि रॉड तुटला तर त्या खर्चात दुसरा बेस येतो, म्हणून तिथे थांबा आणि जाणत्या माणसाकडे न्या.

कोकणात कार्यक्रमाला जाणार असाल तर आदल्या दिवशी जुळवून काही उपयोग नाही, तिथे पोचल्यावर करा.

प्रश्न: अ‍ॅम्पमधून घुंई आवाज येतो, तारेला हात लावला की थांबतो. आणि माइकला ओठ लागला की झिणझिण्या.

पहिलं नॉर्मल आहे, तारा अर्थला जोडलेल्या असतात, हात लावलात की तुमच्या अंगाने पकडलेला आवाज पण त्याच वाटेने जातो. दुसरं नॉर्मल नाही. अजिबात. त्या जागेच्या वायरिंगला अर्थिंग नाहीये किंवा उलटसुलट आहे. मांडववाल्याला टेस्टर लावून दाखवायला सांगा, तो "काय नाय होत" म्हणेल, तरी सांगा. यावर माणसं गेलेली आहेत.

प्रश्न: पडदेच नसलेला बेस पाहिला, चुकून विसरले का?

फ्रेटलेस तो. जॅको पास्टोरियसने प्रसिद्ध केला, फ्लोरिडाचा वेडा माणूस. 1962 च्या जॅझ बेसचे पडदे उपटलेले, त्या खाचा लाकडाच्या पुट्टीने बुजवल्या आणि वरून नावेला लावतात ते इपॉक्सी फासलं, कारण तारा खरखरीत वापरायचा, लाकूड कापलं गेलं असतं. त्याचा स्वतःच्या नावाचा अल्बम 1976 चा, त्याच वर्षी तो वेदर रिपोर्ट बँडमध्ये गेला आणि त्यांचा 1977 चा हेवी वेदर अल्बम आला. ऐकाल तर पहिल्यांदा वाटतं कोणीतरी माणूस तोंड मिटून गातोय. 1987 मध्ये गेला, पस्तिसाव्या वर्षी, शेवटची वर्षं फार वाईट.

तो जो आवाज आहे, म्वाँऽ असा उघडत जाणारा, त्याला इंग्रजी पुस्तकांत लोक काय काय नावं देतात. मी एकदा मामाकडे मिरजेला फ्रेटलेस घेऊन गेलो होतो. शेजारी तंबोरे बनवणारे आजोबा, त्यांना कुतूहल म्हणून ऐकवला. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "जवारी बरी आहे, पण एकसारखी नाही, इथं घासायला पाहिजे." बस. मला इतकी वर्षं जे शब्दांत सापडत नव्हतं ते एका शब्दात. तंबोऱ्यात तार घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला हलकेच घासत राहते आणि त्या घासण्यातून वरचे सूर एकेक करून उमलतात, फ्रेटलेसमध्ये तेच काम पट्टी करते. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा मला उगाच आपलं घरचं काहीतरी झाल्यासारखं वाटलं.

आजोबांनी सांगितलेली जागा मी घासली का? हो. आणि हो, बरोबर होते.

प्रश्न: बोटांनी वाजवायचं की पिकने? पिक म्हणजे चीटिंग ना?

कॅरोल के नावाच्या बाई लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत साठच्या दशकात पिकनेच वाजवायच्या, बीच बॉइजच्या 1966 च्या पेट साउंड्सवर त्या आहेत. ऐका आणि मग त्यांना चीटिंग म्हणा.

प्रश्न: आपल्याकडे कोण भारी बेसवाले?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं आणि वाईट पण वाटतं, कारण आपण सगळ्यांनी लहानपणापासून भारी बेस ऐकलाय फक्त नावं कुणी सांगितली नाहीत. पंचमदांच्या गाण्यांतला बेस काढून बघा, टोनी वाझ. रहमानच्या कितीतरी गाण्यांत कीथ पीटर्स. मुंबईची मोहिनी डे, वडील बेसवाले, त्यांच्याकडूनच शिकली, आता जगभर वाजवते, तिचे व्हिडिओ मी शनिवारी जॅमच्या आधी बघत नाही, हात चालत नाहीत मग.

आणि चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बेस, ट्रान्झिकॉर्ड (इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन) वगैरे वाजवणारा शांत माणूस. 1982 मध्ये त्याने रोलंडची तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्यातलं एक यंत्र टीबी-303, म्हणजे गिटारवाल्याला घरी रियाजाला बेसवाल्याची सोबत मिळावी म्हणून काढलेली डबी. बेसवाल्याची नोकरी खाणारं यंत्र, आणि ते बेसवाल्यानेच असं वापरलं की काही वर्षांनी शिकागोत त्याच डबीतून अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार निघाला तेव्हा लोकांना वाटलं जगात पहिल्यांदा होतंय. रेकॉर्ड इथे चालली नाही. 2010 मध्ये परत निघाली तेव्हा युरोपातल्या पोरांनी डोक्यावर घेतली, उतारवयात त्याने तिकडे कार्यक्रम केले, 2015 मध्ये गेला. भैरव ऐका त्यातला, सकाळी नको, रात्री.

बँड म्हणाल तर मुंबईचे रॉक मशीन, 1984 पासूनचे, पुढे इंडस क्रीड झाले, बेसवर मार्क सेल्विन. धोबी तलावला झेवियर्सच्या शेजारी रंगभवन होतं, उघड्यावरचं, तिथे इंडिपेंडन्स रॉक व्हायचं. शांतता क्षेत्राच्या नियमात ते बंद झालं. मी एकदाच गेलो, महालक्ष्मी एक्स्प्रेसने, जनरलच्या डब्यात, कुठला बँड काय वाजवत होता यातलं निम्मं विसरलोय पण बेस छातीत लागत होता ते आठवतं. पहिल्यांदाच. कॅसेटमध्ये छातीत लागत नाही ना.

प्रश्न: फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला हे खरंय का?

खरंय, सेंट पीटर्समध्ये, आणि 1958 च्या सुमारास तिथे पोरांनी द हेक्टिक्स नावाचा बँड काढला, फ्रेडी पियानोवर. पण मला रस बेसमध्ये, तो काय होता माहितीये? चहाचं खोकं. लाकडी चहाच्या पेटीला एक काठी आणि एक दोरी, काठी वाकवली की सूर बदलतो. म्हणजे आपलं तुणतुणंच की, जरा मोठं. तुणतुणं पण पोवाड्यात शाहिराच्या मागे उभं राहून तेच काम करतं.

पुढे त्याच फ्रेडीला क्वीनमध्ये बेसवाला मिळाला जॉन डीकन, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, अबोल. त्याने 1972 मध्ये लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात सापडलेल्या सर्किट बोर्डचा छोटा अ‍ॅम्प बनवला आणि त्यातून निघणारा गिटारचा आवाज क्वीनच्या रेकॉर्डवर कायमचा बसला. 1980 चं त्यांचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं हिट पण याच अबोल माणसाचं, सुरुवातीला निव्वळ बेस. तीन सूर वाजवून गप्प बसणं, हे मला अजून जमत नाही.

प्रश्न: बेस गाडीत ठेवून जेवायला गेलो तर चालेल?

जेमरसनचा बेस 1983 मध्ये, जेमरसन वारला त्याच्या काही दिवस आधी, चोरीला गेला, आजवर सापडला नाही. जॅकोचा 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेतून गेला, वीस वर्षांनी उगवला, तो सोडवायला मेटॅलिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोने पैसे घातले. पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला साधारण तीस पौंडांना घेतलेला व्हायोलिनसारखा हॉफनर 1972 मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरला गेला, परत मिळाल्याची बातमी 2024 मध्ये आली. बावन्न वर्षं.

आत घेऊन जा. खुर्चीवर ठेवा. वेटर काय म्हणायचं ते म्हणू दे.

प्रश्न: नवीन शिकणाऱ्याने किती रुपयांचा घ्यावा?

पंधरा-वीस हजारांत आजकाल जे मिळतं ते आमच्या काळात दैवी वाटलं असतं. सेकंडहँड घ्या, जो कोविडमध्ये घेऊन तीन महिन्यांत सोडला असे भरपूर फिरतायत. बघताना मान डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून सरळ आहे का बघा, प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवा, सगळी बटणं फिरवून खरखर ऐका. खरखर स्वस्तात जाते, वाकडी मान जात नाही. पुण्यात जुन्या बाजारात बुधवार-रविवार चक्कर मारायची सवय मला आहे, वीस वर्षांत तिथे मला एक बेस दिसला, त्याला मान नव्हती.

प्रश्न: सोलो कधी घेणार तू?

नाही.

प्रश्न: तुझा तो लाल जुना बेस विकणार का? एकाने चांगली किंमत देतो म्हटलंय म्हणे.

आला होता एक जण, फोटो काढले, मागची प्लेट उघडून पॉटवरचा (आवाजाच्या बटणाखालचा भाग) नंबर वाचायचा प्रयत्न केला, सन कळतो त्यावरून म्हणाला. गंजला होता, वाचता आला नाही. मग त्याने विचारलं वाजवून बघू का, मी म्हटलं बघा की, तर म्हणाला नको, वाजवता येत नाही मला, कलेक्शन आहे. मी चहा पाजून पाठवला.

प्रश्न: जॅमला येऊ का?

या की. शनिवारी साडेसहा, पोचता पोचता सात, वाजायला लागेपर्यंत आठ. वायर स्वतःची आणा, माझी एकच चालू आहे आणि ती पण एका विशिष्ट कोनात. ड्रमवाला येईल का ते शुक्रवारी रात्री कळतं. खाली पार्किंगमध्ये वॉचमन काका विचारतील कुणाकडे, त्यांना "धुम धुमवाल्याकडे" म्हणा, सोडतात.